पोथीत नसलेली बाई

मायच्या पोथीवर उजवा हात ठेवून मी एकदा धडधडीत खोटं बोललो. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पोरांना नाही, जिच्यासाठी बोललो त्या वहिनीलाही नाही. आता माय नाही, दादा नाहीत, काकाही गेले. माझे कानावरचे केस पांढरे झालेत, आणि देवळात गेलो की पुजारी मला सज्जन माणूस म्हणून पुढं बोलावतो. तर या सज्जन माणसानं काय केलं ते आता लिहून टाकतो. ज्याला हे पाप वाटेल त्यानं खुशाल पाप म्हणावं. मी माफी मागायला बसलेलो नाही. मला टोचतं ते वेगळंच आहे, पण तिथवर जायचं तर वाट या खोट्यावरूनच जाते.

आमचं घर शहागंजच्या मागच्या गल्लीत. जमीन देवगाव रंगारीला, ती धाकटे काका बघायचे. दादा, म्हणजे माझे वडील, निजामाच्या काळातच नोकरीसाठी औरंगाबादला आले आणि इथलेच झाले. त्यामुळं गावाकडं जो कुणी आजारी पडे, ज्याची कोर्टात तारीख असे, ज्याला सोयरीक बघायची असे, तो पिशवी घेऊन सरळ आमच्या दारात उतरे. दोन खोल्या, एक पडवी आणि कधीच न विझणारी चूल. मायला किंवा वहिनीला मी दिवसा बसलेलं पाहिलं नाही. बसल्या तर निवडायला, चिरायला, नाहीतर एखाद्याचं पोर मांडीवर थोपटायला. पुढं माझं लग्न झालं, तर बायकोही त्याच चाकाला जुंपली गेली.

नुसतं बसायला एकच सबब होती. श्रावणात पोथी लागायची ती.

दिवेलागणीला चौरंग मांडायचा, लाल फडक्यातली पोथी सोडायची. वाचणाऱ्यानं आधी ओव्या म्हणायच्या, मग अर्थ सांगायचा, आणि अर्थ गळी उतरावा म्हणून एखादा दृष्टांत द्यायचा. ओव्या ठरलेल्या. मायनं त्या लहानपणापासून ऐकलेल्या, एक शब्द इकडचा तिकडं झाला तर ती मान वर करायची. दृष्टांत मात्र वाचणाऱ्याच्या पदरचा. त्याला कुणी अडवत नसे.

आमच्या घरात वाचणाऱ्याचा पाट माझ्याकडं आला त्याचं कारण साधं होतं. दादा उर्दू शाळेत शिकलेले. उर्दू ते पाण्यासारखी वाचत, पण देवनागरीवर बोट ठेवून एकेक अक्षर जुळवत. पोलीस ॲक्शन झाली तेव्हा मी पाटीच्या वयाचा होतो, म्हणून मला मराठी शाळा मिळाली. मायला दोन्ही लिप्या सारख्याच काळ्या. झरझर वाचता येणारं आणखी एक माणूस घरात होतं, ते म्हणजे वहिनी. ती सातवी शिकलेली. पण माझा थोरला भाऊ देवगावच्या शेतात विहीर खणताना दरड कोसळून गेला, ती लहान लेकीला घेऊन आमच्याकडं आली, आणि विधवेनं पोथीला हात लावायचा नाही, असा मायचा नेम. वहिनी भिंतीला टेकून वाती वळायची. मी चुकीच्या जागी श्वास घेतला की तिच्या ओठांची कड हलायची, एवढंच.

खरं सांगतो, मला पोथीत काही सापडत नव्हतं. भाऊ गेल्यापासून माझ्या आत काहीतरी कोरडं पडलं होतं. दिवसभर कचेरीत फायली, घरी आलो की दळण आण, रॉकेल आण, कुणाला दवाखान्यात पोचव. देवाचं नाव तोंडानं घ्यायचो, आत काही वाजायचं नाही. वाजायचं ते दुसरीकडं.

शहागंजात एक जिल्दसाज होते, पुस्तकं बांधणारे. दादांचे जुने दोस्त, म्हणून मी त्यांना चाचा म्हणायचो. वाचनालयातली फाटकी पुस्तकं बांधणीला त्यांच्याकडं येत. चाचा आधी जुनी शिवण उसवायचे आणि पुस्तकाचे सुटे गठ्ठे करून ठेवायचे. एकेका गठ्ठ्याला ते जुज म्हणत. मराठी त्यांना वाचता येत नव्हतं, पण पुस्तक उसवलं की मला हाक मारायचे.

"ले जाव मियाँ, अभी खुल्ला पडा है. परसों तक पढ लेव, फिर सुई चलाता मैं."

माझं सगळं वाचन असं सुट्या पानांचं. चक्कीच्या रांगेत, रॉकेलच्या रांगेत, देवगावच्या एसटीत उभ्यानं. बायको म्हणायची, "तुमचं पीठ कमी येतं आन् पानंच जास्त." दादाही चाचांकडून उर्दू कादंबऱ्या आणत आणि वर्तमानपत्राच्या घडीत घालून वाचत. आम्ही दोघं एकमेकांना पाहायचो, बोलायचो नाही. आमच्या घराण्यात वाचणं म्हणजे कामचुकारपणा. पोथी वगळून.

त्या श्रावणात चाचांनी मला एका कादंबरीचे जुज दिले; बांधणीचा पुठ्ठा यायला महिना होता, तोवर ठेव म्हणाले. पहिली पानं गेलेली, त्यामुळं नाव नाही, लेखक नाही. गोष्ट एका बाईची. घाटाखालचं गाव, सासरा हाडं बसवणारा. नवरा मेल्यावर सासऱ्यानं ती विद्या सुनेला शिकवली, आणि मग सासराही गेला. गाव म्हणालं, बाईकडं कोण येणार, तीही विधवा. ती रोज सकाळी ओटा सारवते, कामट्या आणि पट्ट्या मांडते, बसून राहते. कुणी येत नाही. तरी दुसऱ्या दिवशी सारवते.

ते जुज मी पोथीच्या पानांखाली सारून ठेवले होते, वाचन आटोपून सगळे उठले की पुढचं वाचावं म्हणून. पोथीची पानंही सुटीच. एका संध्याकाळी ओव्या झाल्या, अर्थ झाला, दृष्टांत काही सुचेना. बाया दिवसभराच्या थकलेल्या, दोघी पेंगत होत्या, एक पोर किरकिरत होतं. मी म्हणालो, "एका गावात एक बाई होती." आणि खालचं पान वर घेतलं.

थोड्या वेळानं लक्षात आलं, किरकिरणारं पोर तेवढं ऐकू येतंय, बाकी सगळं थांबलंय. मी दम घ्यायला थांबलो तर माय म्हणाली, "मंग?"

इतक्या वर्षांत पोथीला मायनं कधी "मंग" म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या चार बाया जास्त आल्या. त्या बाईकडं पहिला रोगी येतो तो तिच्या दुश्मनाचा बैल, हा भाग वाचला तेव्हा पडवी हसण्यानं हलली. समोरच्या घरातली म्हातारी पदर तोंडाला लावून म्हणाली, "बैलाला बराबर कळलं बघा, मालकाला अक्कल नाय." मग सकाळी नळावर तीच चर्चा. बाईनं बैलाचे पैसे घेतले असतील का नाही, यावर दोघींचं भांडण. माय भाकऱ्या थापताना मधेच थांबून म्हणायची, "तिनं दार लावलं नाय हां, कुणी येवो न येवो."

दृष्टांत महिनाभर ताणला. ओव्या वाचायचो, त्या नीट वाचायचो, आणि मग ती बाई. लोकांना हसू येईल, पण माझ्या आतलं कोरडं त्या पडवीत ओलं झालं. दिवसभर दुसऱ्यांसाठी उभ्या असलेल्या बाया टेकल्यात, त्यांच्या हातातलं काम सुटलंय, आणि एका न पाहिलेल्या बाईसाठी त्यांचा जीव वर-खाली होतोय. देव असला तर इथं आहे, असं मला वाटलं. अजून वाटतं. त्यासाठी मला दुसरा पुरावा नको.

त्याच महिन्यात वहिनी मला पडवीत म्हणाली, "भावजी, दवाखान्यात नर्सच्या ट्रेनिंगला बाया घ्यायलेत. सातवी चालती. ऱ्हायला देतात, पगाराचं पण बघतात. पोरीला मामीपाशी ठेवीन."

वहिनी आमच्या मायला मामी म्हणायची, कारण ती लांबच्या नात्यातली भाचीच.

"मायला विचारलं?"

"विचारलं."

"काय म्हणाली?"

वहिनी हसली. "म्हनल्या, परक्या गड्याच्या आंगाला हात लावायचा का? कोन जातीचा, कोन धर्माचा, उघडा पडलेला. आपल्या घरची बाई हे करीन व्हय?"

दादांनी हो-नाही केलं नाही. घरातल्या बायांचं मायनं ठरवायचं, ही आमच्याकडची रीत. आणि गावाकडं ही गोष्ट पोचली तसे काका एसटीनं आले. आल्या आल्या वहिनीला म्हणाले, "चल पोरी, गाठोडं बांध. खुरपणी तोंडावर आली. आपलं घर सोडून इथं कामून शहराच्या उंबऱ्यात बसती?" काकांना दोन हात हवे होते, फुकटचे. हे सगळ्यांना दिसत होतं, आणि ते बोलायची सोय नव्हती. उद्याच्या पहिल्या एसटीनं वहिनी आणि तिची लेक देवगावला जाणार, असं जवळजवळ ठरलं.

त्या संध्याकाळी पोथीला काकाही बसले. मी ओव्या म्हटल्या, अर्थ सांगितला आणि पान उलटलं. आलं ते असं की भर पावसात घाटात गाडी उलटते, गाडीवान मांडीचं हाड मोडून पडलेला, गावातले पुरुष लांब उभे, आणि ती बाई चिखलात बसून त्याचा पाय दोन्ही हातांनी धरते. गाडीवान परक्या मुलखाचा, परक्या धर्माचा. ती त्याला नाव विचारत नाही. म्हणते, ओरड, लाजू नको, आणि हाड बसवते.

मी हे मुद्दाम वाचलं. हा भाग अजून चार दिवसांनी येणार होता. मधले जुज मी सोडून दिले.

वाचून झालं. वहिनीच्या हातातली वात अर्धीच वळलेली. माय माझ्याकडं बघत होती.

"हे पोथीत हाय का रे?"

"काय?"

"बाईनं परक्या गड्याच्या आंगाला हात लावला. आन् देवाला चाललं. हे पोथीत लिव्हलेलं हाय, का तू तुझ्या मनचं सांगू लागला?"

मी पोथीवर उजवा हात ठेवला. "पोथीतच आहे, माय."

काका मायकडं बघून खाकरले. "आमी बी ऐकली ही पोथी, वैनी. लई डाव ऐकली. ही हाडवाली बाई आमच्या नाय कानावर आली. कंच्या अध्यायात ऱ्हाती ही?"

"तुमी झोपत असाल काका तवा," मी म्हणालो. बाया हसल्या. काका हसले नाहीत.

"दादा," ते वडिलांना म्हणाले, "तुमी शिकलेले. बघा जरा तेच्या हातातलं पान."

दादा सहसा पोथीला बाहेरच्या खोलीत खुर्चीवर असायचे. त्या दिवशी काकांसाठी पडवीत आले होते. त्यांनी हात पुढं केला. मी पान दिलं. नाही देऊन करतो काय. कादंबरीचं पान पोथीच्या पानापेक्षा आखूड, कागद वेगळा, मधोमध शिवणीची भोकं. आंधळ्याला बोटानं कळलं असतं. दादांनी चष्मा लावला, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि ओठ हलवत अक्षरं जुळवू लागले. सगळी पडवी त्यांच्या बोटाकडं बघत होती. ते पानाच्या खालपर्यंत गेले. मग पान उलटलं आणि मागचंही वाचायला लागले.

"दादा, लिव्हलेलं हाय का नाय तेवढं सांगा," काका वैतागले.

दादांनी पान माझ्या हातात दिलं. चष्मा पुसला. "पोरगं वाचतं ते बराबर हाय," ते म्हणाले. "पोथीच हाय ती."

मायनं हात जोडले. मग काकांकडं न बघता वहिनीला म्हणाली, "तुझी पोरगी मी सांभाळते. जा तू. पन रोज आंघोळ केल्याबिगर जेवायचं नाय तिथं."

वहिनी उठली आणि आत गेली. आतून भांडं पडल्याचा आवाज आला. काका पहाटेच्या एसटीनं एकटेच गेले.

दादा आणि मी या गोष्टीवर पुढं कधी बोललो नाही. फक्त दोन दिवसांनी, मी दळण घेऊन निघालो तर ते दारात उभे. रस्त्याकडं बघत म्हणाले, "त्या गाडीवानाचा पाय राहिला का?"

"राहिला. थोडा लंगडतो."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि वर्तमानपत्राच्या घडीत परत शिरले.

हे ते खोटं. देवगावला काका हे गावभर सांगत सुटले. सोयरे भेटले की टोमणा मारायचे, "औरंगाबादच्या पोथीत पानं वाढत्यात म्हनं, आमच्याकडं तर उंदीर खाऊन कमी व्हायलेत." मारोत. वहिनी शिकली, तिनं किती जणांच्या अंगाला हात लावले ते तिलाच माहीत, आणि त्यातले किती उठून घरी गेले तेही. तिनं पुढं कधी ती पोथी उघडून पाहिली का, मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. पोथीच्या देवाला राग आला असेल तर त्यानं मला वर गेल्यावर विचारावं. मी त्याला आधी विचारणार आहे, ती बाई तुझ्या पोथीत कामून नव्हती?

इथवर छाती पुढं काढून लिहिलं. आता पुढचं.

पुढच्या श्रावणाच्या तोंडावर आमच्या समोरच्या घरातली सून मला नळावर भेटली. बैलावर हसलेल्या त्या म्हातारीची सून. वहिनीपेक्षा लहान, तीही सातवी झालेली. मूल नाही म्हणून नवऱ्यानं दुसरं लग्न ठरवलं होतं. हिला माहेरी धाडायचं की घरात भांडी घासायला ठेवायचं, एवढाच वाद उरला होता. माहेरी बाप नव्हता. नवरा त्याच्या आईच्या शब्दाबाहेर नव्हता.

"भावजी," ती घागरीकडं बघत म्हणाली, "औंदा पोथीला आमच्या सासूबाई रोज येनार हायत. तेवढा त्या बाईचा अध्याय परत लावा ना. गाडीवानाचा. मला बी तुमच्या वैनीवानी जायचंय ट्रेनिंगला. मी सांगून त्या ऐकत नाय. पोथीचं ऐकतीन."

मी म्हणालो, "लावू की."

तेव्हा माझी थोरली मुलगी काही महिन्यांची होती. आणि पोथी लागायच्या आधल्या आठवड्यात ती तापानं फणफणली. अंग आकडायचं, डोळे फिरायचे. दवाखान्यात नेली. बायको पाळण्याच्या दांडीला धरून उभी, आणि मी, कादंबऱ्या वाचलेला, काकांवर बायांना हसवलेला मी, व्हरांड्यात उभा राहून एकच विचार करत होतो. पोथीवर हात ठेवून खोटं बोललो, त्याचं हे भोगतोय का? मी तिथंच देवाला कबूल केलं, पोरगी वाचव, पुन्हा पोथीत नसलेलं एक अक्षर वाचणार नाही.

पोरगी वाचली. औषधानं वाचली, आणि पहाटेपर्यंत तिच्या कपाळावर ओल्या घड्या ठेवत बसली होती ती ट्रेनिंगच्या पांढऱ्या साडीतली वहिनी. समोर एवढं लख्ख दिसत असून मला दिसलं नाही. मी घाबरलो होतो. घाबरलेल्याला देव दिसत नाही, पोलीस दिसतो.

श्रावण लागला. मी ओव्या म्हटल्या, अर्थ सांगितला, आणि दृष्टांताच्या जागी पोथीतलीच जुनी राजा-राणीची गोष्ट सांगितली. समोरची म्हातारी रोज पुढं बसायची. सून मागं, दाराच्या चौकटीपाशी. पहिल्या दिवशी ती सरसावून बसली होती. मी पान उलटलं की ती सासूकडं बघायची, आता येईल म्हणून. आलं नाही. काही दिवसांनी म्हातारीच म्हणाली, "औंदा ती हाडवाली नाय का? लई ग्वाड होती." मी म्हणालो, "मागच्या वर्षी झाली ती." कादंबरी तोवर बांधून वाचनालयात गेली होती. मागितली असती तर मिळाली असती. मी मागितली नाही. न बघताही सांगता आलं असतं, मला पाठ होती. म्हातारी तर स्वतःच्या तोंडानं मागत होती.

एका संध्याकाळी मायही म्हणाली, "तो अध्याय कामून गाळला रे? पोथीतलं गाळू नये." मी म्हणालो, "वेळ पुरत नाही, माय." हे माझं दुसरं खोटं. याच्यासाठी मात्र माझ्याकडं तोंड नाही.

समाप्तीच्या दिवशी सुनेनं प्रसाद घेतला. मी पोथी फडक्यात बांधत होतो. ती म्हणाली, "भावजी, ऱ्हायलाच ना त्यो." एवढंच. रागानं नाही. जसं कुणी म्हणावं, मीठ राहिलं भाजीत. दिवाळीच्या आधी दुसरी आली आणि हिला लांबच्या एका मावशीकडं पोचवलं. टांगा गल्लीतून गेला तेव्हा मी खिडकीत पुस्तक घेऊन बसलो होतो आणि ते खाली ठेवून उठलो नाही. पुढं तिचं काय झालं ते त्या घरातल्या कुणी सांगितलं नाही. मीही जाऊन विचारलं नाही.

लोकांना वाटतं माणूस पस्तावतो तो केलेल्या पापाचा. मी ज्याला पाप म्हणतात ते केलं आणि एक घर उजळलं. मग पुण्यवान झालो आणि एका बाईची वाट बंद केली. माझी बायको अजून म्हणते, पुस्तकांनी तुमचं काय भलं केलं? पुस्तकांनी माझं सगळं भलं केलं. मीच एकदा पुस्तकाला दगा दिला.

म्हणून या वयातही मी वाचतो, आणि मोठ्यानं वाचतो. दळण आता घरी येतं, चक्कीची रांग राहिली नाही, तरी घर तसंच भरलेलं, सुना-नातलग, कुकरच्या शिट्या. त्या गोंधळात मी पडवीत बसतो आणि ज्याला ऐकायचं त्यानं ऐकावं म्हणून आवाज काढतो. काम टाकून कुणी बाई दाराशी टेकली तर मी पान संपलं तरी थांबत नाही, उलटतो आणि पुढचं वाचतो, म्हणजे तिला उठायला सवड मिळू नये.

मायचं मी काही देणं लागत नाही. काकांचं नाही. देवाचंही नाही. समोरच्या घरातल्या त्या सुनेला गाडीवानाचा अध्याय, तिच्या सासूच्या समोर, मोठ्यानं वाचून दाखवायचं मी कबूल केलं होतं. ते देणं अजून माझ्याकडं आहे.